‘पॉइंट वन’ म्हणजे डॉल्बीची भिंत नव्हे! छोट्या स्टुडिओसाठी एलएफईचा हिशेब



आपल्या कोल्हापुरात ‘डॉल्बी’ म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत आठवते. छाती हादरली की डॉल्बी भारी! पण हीच समजूत घेऊन तुम्ही ५.१ मिक्सिंगचं काम घेतलंत, तर नफा हातचा जाणार हे नक्की.

आमच्या बॅचमधल्या एका स्टुडिओवाल्या मित्राचं तसंच झालं. खासबाग मैदानातल्या कुस्तीचा सीन, हलगी-घुमकं जोरात. स्टुडिओत एकदम दमदार वाटलं. थिएटरच्या ट्रायलला मात्र नुसता घुमारा, डायलॉग ऐकूच येईनात. पुन्हा मिक्स, पुन्हा डीसीपी, आणि खर्च स्वतःच्या खिशातून. चूक कुठं झाली, बघूया.

१. एलएफई वेगळं, सबवूफर वेगळा

५.१ मध्ये पाच पूर्ण चॅनेल असतात आणि ‘.१’ म्हणजे एलएफई. हा फक्त साधारण १२० हर्ट्झच्या खालचा आवाज नेतो. एलएफई हा चॅनेल आहे, सबवूफर हा डबा. घरच्या रिसीव्हरमध्ये छोट्या स्पीकरना न झेपणारा बेस, बहुतेक वेळा ८० हर्ट्झच्या खालचा, सबवूफरकडे वळवला जातो. त्याला बेस मॅनेजमेंट म्हणतात. थिएटरमध्ये सहसा असं नसतं, तिथं सबवूफर एलएफईच वाजवतो. म्हणजे तुमच्या खोलीत सबमधून येणारा सगळाच आवाज एलएफईतला असेल असं नाही. एकदा एलएफई चॅनेल सोलो करून ऐका, लगेच कळेल.

२. १० डेसिबलचा सापळा

आमच्या मित्राची चूक हीच. सिनेमाच्या सिस्टीममध्ये एलएफई आपल्या पट्ट्यात पडद्यामागच्या एका चॅनेलपेक्षा १० डेसिबल वर वाजतो. स्टुडिओत ही सेटिंग केलेली नसेल तर बेस कमी वाटतो, मग आपण फेडर चढवतो. थिएटर त्यावर आपले १० डेसिबल टाकतं. झाला घोटाळा! साध्या एसपीएल मीटरवर हा फरक पूर्ण १० दिसत नाही, कारण सब खालचा छोटासा पट्टाच वाजवतो. म्हणून आरटीए लावून बघा.

आणि लाउडनेस मीटरवर विसंबू नका. बीएस.१७७० पद्धतीच्या मोजणीत एलएफई धरलेलाच नसतो!

३. मोबाईलवर घुमकं गेलं कुठं?

५.१ चं स्टिरिओ करताना एलएफई बहुतेक वेळा सोडूनच दिला जातो. म्हणून घुमक्याचा मूळ ठोका पुढच्या स्पीकरमध्येच ठेवा. एलएफईत फक्त जास्तीचा धक्का द्या, तोही मोजक्या जागी: पैलवान मातीत आदळला, स्फोट झाला, ढग गडगडले. हलगीची गंमत तिच्या कडक कडकडाटात आहे, तिला एलएफईत काय काम?

एकच आवाज दोन्हीकडे पाठवला तर फेज तपासा. लो-पास फिल्टरमुळे फेज सरकतो आणि बेस वाढण्याऐवजी उलटा कमी होऊ शकतो. पोलॅरिटी उलटी करून दोन्ही वेळा ऐका.

४. डिलिव्हरीआधी चॅनेलचा क्रम

एका क्रमात एलएफई चौथा असतो: लेफ्ट, राइट, सेंटर, एलएफई, मग सराउंड. दुसऱ्या क्रमात तो सहावा: लेफ्ट, सेंटर, राइट, सराउंड, शेवटी एलएफई. गल्लत झाली तर डायलॉग उजव्या स्पीकरमधून येतो आणि डावा सराउंड सबवूफरमध्ये जातो. क्लायंटला कोणता क्रम हवा, ते लेखी घ्या.

आता धंद्याचं बोलू

कोटेशनमध्ये तीन ओळी वेगळ्या लिहा: ५.१ मिक्स, स्टिरिओ तपासणी, थिएटर ट्रायल. ट्रायलचे पैसे आधीच धरा. ‘ते होईल की नंतर’ म्हणून फुकट केलेली ट्रायलच शेवटी महागात पडते.

१९३२ साली ‘प्रभात’नं ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट याच कोल्हापुरात केला. आवाजाचं काम आपल्या गावाला नवीन नाही, मंडळी. फक्त भिंत हादरवायची की गोष्ट ऐकवायची, एवढं आधी ठरवा.