फवारणीतली सर्वांत धोक्याची वेळ: औषध कालवताना



2017 च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. डोक्याच्या वर गेलेली कपाशी, दमट उकाडा, दोन-तीन औषधांचे मिश्रण आणि अंगावर संरक्षक कपडे नाहीत, अशी कारणे त्या वेळी पुढे आली. वरोरा, कोरपना, राजुऱ्याची कपाशी असो की सिंदेवाही, आरमोरीचे धान, औषध हाताळण्याची आपली पद्धत फार वेगळी नाही.

बाटलीतले औषध किती तीव्र असते?

लेबलवर मात्रा 1 लिटर पाण्याला 2 मिली असेल, तर बाटलीतले औषध पंपातल्या द्रावणापेक्षा सुमारे 500 पट तीव्र असते. म्हणजे कालवताना हातावर सांडलेले थोडेसे औषध हे अंगावर उडालेल्या बऱ्याच फवाऱ्याइतके ठरते. विष फक्त तोंडावाटे जाते असे नाही, ते कातडीतूनही शरीरात शिरते. तळहातापेक्षा मान, कपाळ आणि जांघेची कातडी ते जास्त शोषते. म्हणूनच गळक्या पंपाने ओली झालेली पाठ व कंबर दुर्लक्ष करण्यासारखी नसते.

कालवण्यापूर्वी

- लेबलवरील त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ नाही.
- पंपात साधे पाणी भरून गळती तपासा.
- रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, चष्मा, मास्क व गमबूट घाला. कापडी हातमोजे औषध शोषून हाताला चिकटवून ठेवतात, ते वापरू नका.

कालवताना

- मोकळ्या जागेत, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. लहान मुले व जनावरे दूर ठेवा.
- मापानेच मोजा. 2 मिली प्रति लिटर मात्रेला 15 लिटरच्या पंपासाठी 30 मिली औषध लागते. बाटलीचे झाकण हे माप नव्हे.
- आधी थोडे पाणी, मग औषध, मग उरलेले पाणी. काडीने ढवळा, हाताने नाही.
- लेबलवर किंवा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत नसेल, तर दोन औषधे एकत्र करू नका.

फवारताना व नंतर

सकाळी किंवा सायंकाळी फवारा. भर उन्हात घामामुळे औषध कातडीत लवकर शिरते. वाऱ्याच्या उलट दिशेने चालू नका. चोंदलेला नोझल तोंडाने फुंकू नका. हात धुतल्याशिवाय खर्रा, बिडी, पाणी काहीही नको. काम संपल्यावर साबणाने आंघोळ करा व कपडे वेगळे धुवा.

पंप बोडीत किंवा तलावात धुऊ नका. सायपरमेथ्रिनसारखी औषधे मासोळीला फार घातक असतात. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच टाका व बाटलीला भोक पाडा. त्या बाटलीत पिण्याचे पाणी किंवा तेल कधीही भरू नका.

विषबाधेची लक्षणे

प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस यांसारख्या ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील औषधांमुळे खूप घाम व लाळ येणे, मळमळ, पोटात मुरडा, अंधुक दिसणे, बाहुली बारीक होणे, स्नायू फडफडणे आणि दम लागणे ही लक्षणे दिसतात. "ऊन लागले असेल" म्हणून थांबू नका.

- फवारणी थांबवा व रुग्णाला मोकळ्या हवेत न्या. मदत करणाऱ्यानेही हातमोजे घालावेत.
- कपडे काढून अंग साबणाने धुवा. डोळ्यांत गेले असल्यास किमान 15 मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा.
- उलटी करवू नका. दूध, तूप किंवा मिठाचे पाणी पाजू नका. बेशुद्ध असल्यास कुशीवर झोपवा.
- 108 वर फोन करा व बाटली किंवा लेबल सोबत न्या. कोणते औषध ते कळले, तर डॉक्टरांना ॲट्रोपीनसारखा योग्य उपचार लवकर सुरू करता येतो.

भामरागड, एटापल्लीकडे पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की रस्ते बंद होतात आणि दवाखाना गाठायला वेळ लागतो. अशा गावांत औषध कालवतानाची पाच मिनिटे जपणे हाच खरा उपाय. मात्रेबद्दल शंका असल्यास फवारणीआधी कृषी विज्ञान केंद्रात विचारा किंवा किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या मोफत क्रमांकावर फोन करा.