पैजेचा चढ आणि स्नायूंचा हिशेब

थोड्या वेळात, जवळपास सगळा दम लावून, शरीराचे मोठे स्नायू एकत्र राबवणारा व्यायाम म्हणजे हाय-इंटेन्सिटी फंक्शनल ट्रेनिंग. उचलणे, ढकलणे, चढणे, उडी मारणे, ओझे घेऊन चालणे अशा रोजच्याच हालचाली त्यात घड्याळ लावून केल्या जातात. शहरातल्या जिममध्ये प्रत्येकाची वेळ फळ्यावर लिहिली जाते आणि मित्रामित्रांत चुरस लागते. मावळात या चुरशीला फळा लागत नाही. पुणे–लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचे, भाजे गाव आणि लेण्यांची वाट मागे टाकायची, गायमुख खिंडीतून लोहगडवाडी गाठायची आणि तिथून पायऱ्यांवर कोण आधी महादरवाजात पोहोचतो ते पाहायचे. वर पोहोचल्यावर दम लागलेला असतानाच पन्नास बैठकांची दुसरी पैज लागते.

लोहगडाची उंची समुद्रसपाटीपासून १०३३ मीटर आहे. मळवलीपासून माथ्यापर्यंतचा चढ साधारण ४०० मीटरचा. सत्तर किलो वजनाचा माणूस एवढे वर चढतो तेव्हा गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याने केलेले काम सुमारे २,७४,००० ज्यूल, म्हणजे जेमतेम ६५ किलोकॅलरी भरते. आकडा छोटा वाटतो, कारण हे फक्त उपयोगी काम आहे. स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्क्यांच्या आसपास असते. खर्ची पडलेल्या ऊर्जेचा उरलेला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग उष्णता होऊन जातो. म्हणून नुसत्या चढासाठी शरीर प्रत्यक्षात २७० ते ३२० किलोकॅलरी खर्च करते.

पैजेत मात्र एकूण कामापेक्षा ते किती वेळात केले याला महत्त्व असते. पायऱ्यांच्या टप्प्यात १०० मीटर उंची दहा मिनिटांत चढली, तर सत्तर किलोच्या माणसाची शक्ती ११५ वॅटच्या आसपास असते. निरोगी तरुणाला ती झेपते, बोलत-बोलत नाही पण झेपते. तीच उंची पाच मिनिटांत चढायची तर सुमारे २३० वॅट लागतात. त्यासाठी मिनिटाला शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिलिटर ऑक्सिजन वापरावा लागतो. नियमित सराव नसलेल्या अनेक तरुणांची कमाल मर्यादा इथेच कुठेतरी असते. वेळ निम्मी केली की सहज वाटणारा चढ एकदम छाती फोडणारा होतो, त्याचे कारण हे आहे.

स्नायूला थेट वापरता येणारे इंधन एकच: एटीपी हा रेणू. त्याचा स्नायूतला साठा काही सेकंदांतच संपेल इतका तुटपुंजा असतो, त्यामुळे तो सतत नव्याने बनवावा लागतो. पहिल्या दहा सेकंदांत हे काम मुख्यतः क्रिएटिन फॉस्फेट करते. ते संपत आले की स्नायूतील ग्लायकोजेन ऑक्सिजनशिवाय फोडले जाते. हा मार्ग वेगवान, पण एक-दोन मिनिटेच जोर धरणारा. त्यानंतरची सारी मदार हृदय, फुप्फुसे आणि पेशीतील मायटोकाँड्रिया यांच्यावर येते. तिन्ही मार्ग सुरुवातीपासून एकदमच चालू असतात. बदलतो तो त्यांचा वाटा. पायऱ्यांवर पहिल्याच मिनिटात पुढे निघालेला गडी तिसऱ्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून उभा दिसतो, कारण त्याने पहिले दोन साठे एका दमात उधळलेले असतात. क्रिएटिन फॉस्फेट निम्मे भरायला सुमारे अर्धा मिनिट आणि जवळपास पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. मधली विश्रांती किती द्यायची, हे यावरूनच ठरते.

या वेळी पोटऱ्या-मांड्यांत होणाऱ्या जळजळीचा दोष लॅक्टेटला दिला जातो. तो अन्यायच आहे. लॅक्टेट हे टाकाऊ द्रव्य नाही. हृदय आणि शेजारचे स्नायू ते इंधन म्हणून जाळतात, यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. व्यायाम थांबल्यावर तास-दीड तासात त्याची रक्तातील पातळी पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशी पाय धरतात त्याच्याशी लॅक्टेटचा संबंध नाही.

श्वास फुलण्यामागे ऑक्सिजनची टंचाई असते, असाही समज आहे. प्रत्यक्षात श्वासाला घाई लावतो तो मुख्यतः रक्तात साचणारा कार्बन डायऑक्साइड आणि वाढणारी आम्लता. या विषयाशी मळवलीच्या पुढच्याच स्टेशनाचे जुने नाते आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात घाम गाळलेल्या या माणसाने उड्डियान आणि नौली करताना पोटातील दाब किती उतरतो, हे उपकरणे लावून मोजले. पुढे १९६० च्या दशकात तिथल्या संशोधकांनी माणसांना हवाबंद खड्ड्यात बसवून, ऑक्सिजन घटत आणि कार्बन डायऑक्साइड वाढत असताना शरीर काय करते, याचाही अभ्यास केला. व्यायामाला प्रयोगशाळेत आणण्याचे हे काम मावळातल्या मातीत इतक्या लवकर झाले, ही अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट आहे.

थोडा वेळ जबर मेहनत, मग थोडी विश्रांती, या पद्धतीने दम वाढतो हे धावपटूंना आधीपासून माहीत होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळवणारा एमिल झाटोपेक असाच सराव करी. नेमकी मोजणी जपानच्या इझुमी ताबाता यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. एका गटाने आठवड्यातून पाच दिवस तासभर मध्यम वेगाने सायकल चालवली. दुसऱ्याने २० सेकंद जिवाच्या आकांताने आणि १० सेकंद विश्रांती अशा सात-आठ फेऱ्या केल्या. आठवड्यातून चार दिवस एवढेच, पाचव्या दिवशी थोडी मध्यम मेहनतही. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता वाढली होती. पण ऑक्सिजनशिवाय ऊर्जा मिळवण्याची क्षमता फक्त दुसऱ्या गटात, २८ टक्क्यांनी वाढली. ताबातांच्या नावाने आज फोनवर वाजणारे चार मिनिटांचे टायमर मूळ प्रयोगाच्या तीव्रतेजवळही नसतात. त्या प्रयोगात विद्यार्थी शेवटच्या फेरीत अक्षरशः गळून जात.

इतकी मेहनत एकट्याने क्वचितच होते. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला सायकलस्वारांच्या नोंदींत दिसले, की एकट्याने घड्याळाविरुद्ध जाण्यापेक्षा दुसऱ्याबरोबर जाताना वेळ कमी लागतो. १८९८ मध्ये त्याने ४० मुलांना दोरा गुंडाळण्याचे रीळ फिरवायला दिले, कधी एकट्याने, कधी जोडीने. जोडीत २० मुलांचा वेग वाढला, १० जणांवर फारसा परिणाम झाला नाही आणि १० जण अधीरतेने उलट मंदावले. या शेवटच्या दहांचा उल्लेख सहसा गाळला जातो. ईर्ष्या प्रत्येकाला मानवतेच असे नाही, हे त्यांनी तेव्हाच दाखवले होते. १९२० च्या दशकात जर्मनीत ओटो क्योलर यांनी नौकापटूंना वजन उचलायला लावले, आधी एकट्याने, मग दोघांत मिळून एक. एकाने सोडले की दोघांचाही डाव संपणार होता. अशा जोडीत दुबळा गडी एकट्यापेक्षा जास्त वेळ तग धरून राहिला, आणि दोघांच्या ताकदीत बेताचा फरक असताना हा फायदा सर्वाधिक दिसला. फरक फार मोठा असला की मागचा हात टेकतो. अजिबात नसला तर जास्तीचा जोर लावायला कारणच उरत नाही.

तालमीतील जोडीदार निवडताना वस्ताद हेच पाहतो. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत पहाटे जोर-बैठकांचा सराव होतो, तेव्हा नवख्या पोराला मुरलेल्या पहिलवानाच्या आकड्याशी कोणी भिडवत नाही. जोर मारताना तळहातांवर शरीराच्या वजनाचा मोठा हिस्सा येतो. छाती जमिनीलगत घासत पुढे जाते, कंबर खाली, मान वर, मग पुन्हा मागे. छाती, खांदे, दंड, पाठ आणि पोट एकाच ओघात राबतात. बैठकीत टाचा उचलून चवड्यांवर खाली जायचे आणि हातांच्या झोक्यासह वर यायचे. दोन्ही एकत्र केले की सपाटे. जोडीला मुद्गल, मल्लखांब, आणि गावोगाव देवळासमोर पडलेली दगडी गोटी, जी उचलून खांद्यावर घेणे हेच तरुणपणाचे प्रमाणपत्र होते. अमेरिकेत ग्रेग ग्लासमन यांनी २००० मध्ये क्रॉसफिट ही कंपनी काढून अशाच मेहनतीला घड्याळ आणि फळा जोडला. तिथल्या ‘फ्रॅन’ या प्रसिद्ध पैजेत वजन घेऊन बैठक-आणि-डोक्यावर-ढकल हा प्रकार आणि पुलअप्स २१, १५ आणि ९ असे उतरत्या आकड्यांनी करायचे असतात. तयारीचा खेळाडू ते काही मिनिटांत संपवतो आणि मग जमिनीवर आडवा होतो.

मित्रांच्या पैजेत तुलना कशाची करायची, हाही विज्ञानाचा प्रश्न आहे. चढावर प्रत्येकाला स्वतःचे वजन वर न्यायचे असल्याने कस लागतो तो दर किलोमागच्या शक्तीचा. जड गड्याचे जास्तीचे वॅट त्याचे वजन वाहण्यातच जातात. गोटी उचलताना हिशेब उलटतो. रक्तातील हिमोग्लोबिन कमी असेल तर सराव कितीही असो, स्नायूंपर्यंत ऑक्सिजन पोहोचत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. मागे पडणाऱ्या मैत्रिणीला ‘जोर लाव’ म्हणण्याआधी तिची साधी रक्ततपासणी होणे अधिक उपयोगाचे आहे.

खरी इजा होते ती उतरताना. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराला आवरून धरतो. यात ऊर्जा कमी लागते, दम लागत नाही, आणि म्हणूनच लोहगडाच्या पायऱ्या उड्या मारत उतरण्याचा मोह होतो. पण ताणाखाली काम करताना स्नायूतंतूंची सूक्ष्म रचना जागोजागी फाटते, त्यानंतर सूज येते. दुखणे लगेच जाणवत नाही. २४ ते ७२ तासांत ते सर्वाधिक होते. सोमवारी जिना उतरताना कठड्याला धरावे लागते ते रविवारच्या चढामुळे नव्हे, उतारामुळे. बैठकीचा खाली जाण्याचा अर्धा भाग याच जातीचा आहे.

हीच इजा हाताबाहेर गेली की तिला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. स्नायूपेशी फुटून त्यातले मायोग्लोबिन आणि पोटॅशियम रक्तात उतरते. मायोग्लोबिनने मूत्रपिंड निकामी होऊ शकते, पोटॅशियमने हृदयाची लय बिघडू शकते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसांमध्ये एरिक बायवॉटर्स यांनी १९४१ मध्ये हा प्रकार वर्णिला. इमारत अंगावर न पडताही तो होतो. चीनमधील चोंगचिंग येथे २०१९ मध्ये दोन मैत्रिणींनी व्हिडिओवरून एकमेकींशी बैठकांची पैज लावली, हजारापर्यंत आकडा नेला आणि दोघींना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. गामा पहिलवान दहा वर्षांचा असताना जोधपूरच्या बैठकांच्या स्पर्धेत अखेरपर्यंत टिकला आणि नंतर आठवडाभर अंथरुणाला खिळला, असे सांगितले जाते. लक्षणे ओळखता येतात: मेहनतीच्या मानाने असह्य दुखणे, सुजून टणक झालेला स्नायू, हातपाय उचलता न येणे आणि काळ्या चहासारखी लघवी. अशा वेळी मालिश करत बसू नये, वेदनाशामक गोळी तर नकोच, कारण काही वेदनाशामके आधीच संकटात असलेल्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकतात. वेळेत शिरेतून भरपूर द्रव मिळाले तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

दुसरा धोका उष्णतेचा. २३० वॅटचे काम करणारे शरीर त्याच वेळी सुमारे ७०० वॅट उष्णता निर्माण करते. ती काढायला तासाला जवळपास एक लिटर घाम नुसता यावा लागतो असे नाही, तो वाळावाही लागतो. मावळात जूनच्या दमट हवेत घाम अंगावरून निथळतो, वाळत नाही. आभाळ ढगाळ आणि वारा गार असल्याने शरीर तापत असल्याची जाणीवही उशिरा होते. बोलणे असंबद्ध होऊ लागले, चाल अडखळू लागली, तर ते थकव्यावर ढकलू नये. त्याला तिथेच सावलीत आडवा करून, मिळेल त्या गार पाण्याने भिजवून, वारा घालत राहावे आणि मग खाली न्यावे.

या सगळ्यात शरीराची एक सोय मात्र मोठी आहे. ताणाखालच्या कामाची एक बेताची फेरी झाली, की पुढचे काही आठवडे तोच स्नायू तशाच कामात पुष्कळ कमी दुखावतो. पहिली फेरी फारशी दुखली नसली तरी हे संरक्षण मिळते. तालमीत आकडा पाच-दहांनी वाढवण्यामागे हाच अनुभव आहे. पावसाळ्यात गर्दी आणि शेवाळलेल्या पायऱ्या यांमुळे लोहगडावरची धावाधाव थांबते आणि दोन-तीन महिन्यांत हे संरक्षणही बरेचसे ओसरते. दम मात्र जिममध्ये किंवा सायकलवर टिकवलेला असतो, त्यामुळे दसऱ्यानंतर गडावर परतलेल्या गटाला आपण तयारीत आहोत असे वाटते. त्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पैज चढापुरतीच ठेवावी, उतार चालत उतरावा आणि वरच्या बैठका निम्म्यावर आणाव्यात.