टाकीच्या तोंडाशी

भोसरी-चाकण पट्ट्यात इंजिनाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत एक चाचणी असते. तिला सगळे 'मिलिपोअर' म्हणतात. धुऊन तयार झालेला भाग पुन्हा एकदा स्वच्छ द्रवाने धुवायचा, ते धुवण पांढऱ्या चकतीतून गाळायचं, चकती वाळवायची आणि नाजूक तराजूवर तोलायची. चकतीचं जे वजन वाढलं तेवढा कचरा त्या भागावर राहिला होता. तो मिलिग्रॅमात मोजतात. ठरलेल्या आकड्याच्या वर गेला, तर अख्खा लॉट अडकतो, क्वालिटीवाले आणि प्रॉडक्शनवाले एकमेकांकडे बोट दाखवतात आणि सुपरवायझरची शिफ्ट लांबते.

अशा कारखान्यांत काम करणारी माणसं संत तुकाराम नगरात आणि त्याच्या आजूबाजूला दोन पिढ्या राहत आली आहेत. बाहेरच्याला हा भाग ठाऊक असतो तो वायसीएम रुग्णालयामुळे, वल्लभनगरच्या एसटी आगारामुळे आणि २०२२ पासून मेट्रोच्या स्थानकामुळे. इथल्या पुष्कळ घरांचं अर्धं चित्त अजून गावाकडे असतं. कुणाची जमीन खेड-जुन्नरला, कुणाची थेट मराठवाड्यात. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आगारात पिशव्या घेऊन उभ्या राहिलेल्या गर्दीत मिलिपोअरचा तराजू सांभाळणाराही असतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस शेताच्या बांधावर पस्तीस लिटरचा निळा कॅन खांद्यावर घेतो, झाकणावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसतो आणि ट्रॅक्टरच्या टाकीत डिझेल ओततो. नरसाळं गोठ्याच्या भिंतीला खुंटीवर टांगलेलं असतं. त्यात काय काय उतरलेलं आहे, ते कुणी पाहत नाही.

हा लेख ट्रॅक्टरच्या त्या टाकीविषयी आहे. ट्रॅक्टरवर बोलताना माणसं हॉर्सपॉवर बोलतात, हायड्रॉलिक बोलतात, हप्ता बोलतात. टाकी कुणाच्या तोंडी येत नाही. पण इंजिनाचं आयुष्य पुष्कळदा तिच्या तोंडाशी ठरतं.

एक हिशेब करून पाहू. युरोपच्या ईएन ५९० या मानकात डिझेलमधल्या एकूण घन कचऱ्याची मर्यादा किलोला २४ मिलिग्रॅम आहे. साठ लिटरच्या टाकीत साधारण पन्नास किलो डिझेल मावतं. म्हणजे भरलेल्या अख्ख्या टाकीत जास्तीत जास्त सव्वा ग्रॅमच्या आसपास कचरा चालतो. नरसाळ्याच्या कडेला चिकटलेली दोन चिमटी माती घसरली, की तो कोटा तिथेच संपला. रिफायनरीपासून पंपापर्यंत घेतलेली सगळी काळजी शेवटच्या दोन हातांच्या अंतरात वाया जाते.

आता ही माती जाते कुठे ते पाहू. टाकीतून डिझेल निघतं ते फीड पंपाकडे, तिथून फिल्टरला, फिल्टरातून मुख्य पंपाला आणि तिथून नळ्यांवाटे नोझलला. मुख्य पंपाच्या पोटात प्रत्येक सिलिंडरसाठी एक 'एलिमेंट' असतं, म्हणजे एक दट्ट्या आणि त्याची नळी. दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. आपला केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, त्यावरून अंदाज येईल. इथे रबराचं सील नसतं. धातूवर धातू इतका जुळवून घासलेला असतो, की ती जोडी एकमेकांपासून तोडून दुसरीशी लावता येत नाही. वंगणही वेगळं नसतं, डिझेल हेच वंगण. ते जुन्या पद्धतीच्या नोझलमधून हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट दाबाने फवारलं जातं. त्या फटीत दगडाची भुकटी शिरली, की दट्ट्यावर उभे ओरखडे उठतात, दाब गळतो आणि चार सिलिंडरांना चार वेगळी मापं मिळू लागतात. नोझल फवारायचं सोडून टपकू लागतो. ट्रॅक्टर चढाला दम टाकतो आणि काळा धूर ओकतो. मालकाला वाटतं, इंजिन गेलं.

हा पंप डिझेल इंजिनात पहिल्यापासून नव्हता. रुडॉल्फ डिझेलने १८९२-९३ च्या सुमारास आपलं इंजिन मांडलं, तेव्हा तो इंधन दाबलेल्या हवेच्या जोरावर आत ढकलत होता. त्यासाठी लागणारा कॉम्प्रेसरच एवढा अवजड होता, की ते इंजिन गाडीवर चढवणं कठीण होतं. जर्मनीतल्या रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने १९२७ मध्ये कॉम्प्रेसरशिवाय इंधन दाबणाऱ्या पंपाचं घाऊक उत्पादन सुरू केलं आणि डिझेल इंजिन ट्रकमध्ये, मग ट्रॅक्टरमध्ये बसलं. सूक्ष्म फटीचा पंप आला, तशी त्याच्या आधी फिल्टरची गरज आली. पंप आणि गाळणी ही जोडी जन्मापासूनची आहे. आपल्याकडे हे तंत्र १९५१ मध्ये बंगळुरात स्थापन झालेल्या 'मायको'ने आणलं, आणि नोझल-इंजेक्टरसाठी तिचा पुढचा कारखाना नाशिकच्या सातपूरला उभा राहिला. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, तरी नाशिककर अजून मायको सर्कललाच वळतात आणि गावोगावचे मिस्त्री अजून 'मायकोचा फिल्टर' मागतात. जुन्या ट्रॅक्टरांना शेजारी शेजारी दोन फिल्टर असायचे. पहिला कापडी, मोठा कचरा अडवायला. दुसरा कागदी, बारीक कणांसाठी.

पिंपरी-चिंचवडला ट्रॅक्टर हा परका विषय नाही. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सने, म्हणजे पूर्वीच्या बजाज टेम्पोने, 'बलवान' आणि द्राक्षबागांत शिरणारा अरुंद 'ऑर्चर्ड' ही नावं महाराष्ट्राच्या शिवारात पोचवली. मार्च २०२४ च्या अखेरीस कंपनीने ट्रॅक्टरचा धंदा बंद केला. चाकणला सीएनएचचा कारखाना ऊसतोडणीची यंत्रं करतो आणि सणसवाडीत जॉन डिअरचे ट्रॅक्टर तयार होतात. मोशीला दर डिसेंबरला किसान प्रदर्शन भरतं. तिथे नव्या मॉडेलच्या सीटवर बसून फोटो काढणारे ढिगाने दिसतात. टाकीचं झाकण उघडून आत जाळी आहे का, हे पाहणारा विरळा.

झाकणाकडे थोडं थांबून पाहायला हवं. त्यात एक बारीक भोक किंवा झडप असते. दिवसभरात चाळीस लिटर डिझेल जळलं, तर तेवढीच हवा त्या भोकातून टाकीत येते. रोटाव्हेटरमागची, मळणीच्या भुशातली हवा. भोक मातीने बुजलं, तर वेगळीच गंमत होते. ट्रॅक्टर तासभर नीट चालतो आणि मग मान टाकतो. टाकीत पोकळी तयार होते आणि फीड पंपाला डिझेल ओढवत नाही. झाकण उघडलं, की सुस्स आवाज येतो आणि ट्रॅक्टर पुन्हा चालू. अशा दुखण्यावर पंप उतरवून, खोलून, भरमसाट बिल देऊन लोक परत आलेले आहेत. औषध एका टाचणीचं होतं.

झाकणाखाली टाकीच्या तोंडात जाळीचा डबा असतो. जुन्या ट्रॅक्टरांत तो बहुतेक वेळा जागेवर नसतो. पंपावरच्या नळीने डिझेल भरताना फेस येतो, जाळीतून हळू उतरतं, मागे रांग खोळंबते. शिवाय जाळी असली, की टाकीत नळी घालून डिझेल काढता येत नाही. पाण्याच्या पंपाच्या इंजिनाला दोन लिटर हवं असतं, शेजाऱ्याला उसनं द्यायचं असतं. एकदा काढलेली जाळी मग शेडच्या कोनाड्यात जाते. शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळं व्हावं, असं यात मला काही दिसत नाही. जे अडतं ते तो बाजूला सारतो. अडणार नाही अशी जाळी बसवणं हे आखणाऱ्याचं काम होतं.

कॅनचंही तसंच. ट्रॅक्टर दहा किलोमीटर पंपावर नेण्यापेक्षा दुचाकीवर कॅन आणणं स्वस्त पडतं. पेट्रोलियम कायद्याने एका जागी २,५०० लिटरपर्यंत डिझेल, कुठलंही एक भांडं हजार लिटरच्या वर नसेल तर, परवान्याशिवाय ठेवता येतं. त्यामुळे बागायतदाराच्या शेडमध्ये बॅरल असतं. बॅरल वाईट नाही, पण त्याला वापरायची रीत आहे. किंचित तिरकं ठेवायचं, भरल्यावर निदान एक दिवस हलवायचं नाही, नळ तळापासून चार बोटं वर बसवायचा आणि तळाचं थोडं डिझेल टाकीत कधीच जाऊ द्यायचं नाही. जस्ताचा मुलामा दिलेलं भांडं घेऊ नये. डिझेलमधल्या आम्लांशी जस्ताची क्रिया होऊन साबणासारखा चिकट साका तयार होतो आणि तो फिल्टर बुजवतो. गाळायला जुनं धोतर किंवा साडीचा तुकडाही नको, कारण त्याचे तंतू सुटतात. बारीक पितळी जाळीचं नरसाळं घ्यावं आणि काम झालं, की झाकणाच्या डब्यात उपडं ठेवावं.

टाकी कामावरून आल्यावर संध्याकाळी भरावी, असं जुनी पुस्तिका सांगते. रिकाम्या टाकीतल्या दमट हवेचं रात्री पाणी होतं, ते टळतं, आणि आत गेलेली धूळ सकाळपर्यंत तळाला बसते. आपल्या उन्हाळ्यात पहिल्या कारणात फारसा दम नाही. पावसाळ्यात, ट्रॅक्टर महिना-महिना शेडमध्ये उभा असतो तेव्हा मात्र ते अगदी खरं आहे. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी जातं, पत्र्याची टाकी आतून गंजवते, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जिवाणू-बुरशीचा काळपट लगदा वाढतो. तळाचा ड्रेन बोल्ट वर्षातून एकदा तरी खोलावा. फिल्टरखालच्या वाटीचा स्क्रू ट्रॅक्टर चालू करण्याआधी सैल करून पाणी काढायला अर्धं मिनिट लागतं.

या सगळ्या चुकांची वही असते ती पंप-नोझल दुरुस्तीच्या दुकानात. नाशिक फाटा असो की एखादं तालुक्याचं गाव, या दुकानाची एक खूण आहे. आजूबाजूच्या गॅरेजांपेक्षा ते स्वच्छ असतं. चांगला कारागीर पंप खोलण्याआधी बाहेरून धुतो, एलिमेंट स्वच्छ डिझेलच्या ट्रेमध्ये ठेवतो आणि कॉटन वेस्टने पुसत नाही, कारण एक तंतूही चालत नाही. बोटांनीच धुतो. नोझल हाताच्या पंपावर लावून दांडी मारतो, काट्यावर दाब बघतो आणि कान देतो. चांगला नोझल कुरकुरत, धुक्यासारखा फवारतो. बिघडलेला मुकाट धार सोडतो. मग पंप टेस्ट बेंचवर चढतो, काचेच्या नळ्यांत प्रत्येक एलिमेंटचं माप पडतं, आणि चारही नळ्यांतली पातळी एका रेषेत येईपर्यंत तो किल्ली फिरवत राहतो. दट्ट्यावरचे ओरखडे भिंगाखाली दाखवून तो गिऱ्हाइकाला विचारतो, डिझेल कशातून ओतता?

या दुकानांनी भेसळीचाही काळ पाहिला आहे. रेशनचं निळं रॉकेल डिझेलमध्ये मिसळायचा धंदा महाराष्ट्रात किती मुरला होता, ते २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ कळलं. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी भर दिवसा जाळून मारलं. रॉकेल पातळ, त्यात वंगण कमी. गाळणीने ते अडत नाही आणि पंप आतून झिजतो.

१ जानेवारी २०२३ पासून पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले आणि कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून दाबाचं डिझेल देणारी पद्धत, शेतात आली. तिथे दाब हजार बारच्या बराच वर जातो, फटी आणखी बारीक, आणि इंजेक्टर तालुक्याच्या दुकानात किल्ली फिरवून सुधारत नाही. तो बहुधा बदलावा लागतो, आणि त्याची किंमत हजारांत असते. फिल्टर अधिक बारीक झाले आहेत, पाणी आलं तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. पण मिस्त्री नवा फिल्टर लावताना सवयीने त्याच्या मधल्या भोकात कॅनमधलं डिझेल ओततो, हवा पटकन निघावी म्हणून. मधलं भोक ही गाळलेल्या डिझेलची बाजू. त्यात ओतलेला कचरा कुठेही न अडता थेट पंपात जातो. फिल्टर कोरडा लावावा आणि हँड पंप मारून हवा काढावी, वेळ लागला तरी.

२०१८ मध्ये इंडियन ऑईलने दारात डिझेल पोचवण्याचा प्रयोग पुण्यातूनच सुरू केला होता. शेतापर्यंत मीटर लावलेली गाडी आली, तर कॅन आणि नरसाळं दोन्ही सुटतात. तोवर मागणी करायची ती कारखान्यांकडे: जमिनीवर उभं राहून भरता येईल इतकं खाली टाकीचं तोंड द्या, न काढता भरभर भरता येईल एवढी मोठी जाळी बसवा. जो पट्टा मिलिग्रॅमभर कचऱ्यासाठी लॉट परत पाठवतो, त्याला हे अवघड नाही. आणि पुढच्या सुट्टीला गावी जाणाऱ्यांनी एवढं करावं: झाकण उघडून पाहावं, जाळी नसेल तर कोनाड्यातून शोधून धुऊन बसवावी, आणि सापडली नाही तर तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून नवी घ्यावी.