संख्या तीच, पाया वेगळा : १७२९ चे गुणधर्म

पाया म्हणजे काय?
दशमान पद्धतीत प्रत्येक स्थानाची किंमत त्याच्या उजवीकडील स्थानाच्या दहापट असते. दहाऐवजी दोन, आठ, बारा अशी १ पेक्षा मोठी कोणतीही पूर्ण संख्या पाया म्हणून घेता येते. पाया जितका, तितकीच अंकचिन्हे लागतात. म्हणून सोळाच्या पायात ९ नंतर ए ते एफ ही अक्षरे अंक म्हणून वापरतात. तेथे सी म्हणजे बारा.

रूपांतराची रीत
संख्येला पायाने भागत जावे आणि मिळालेल्या बाक्या उलट क्रमाने लिहाव्यात. १७२९ ला १२ ने भागत गेल्यास भागाकार १४४, १२, १, ० असे येतात आणि बाक्या १, ०, ०, १. म्हणून बाराच्या पायात ही संख्या १००१ अशी लिहिली जाते. तीच आठच्या पायात ३३०१, सोळाच्या पायात ६सी१, तर द्विमान पद्धतीत ११०११०००००१ होते.

न बदलणारे गुणधर्म
१७२९ = ७ × १३ × १९ हे अवयव कोणत्याही पायात तेच राहतात. रामानुजन यांच्या नावाशी जोडलेला तिचा गुणधर्मही तसाच: ती दोन धन घनांच्या बेरजेच्या रूपात दोन प्रकारे मांडता येते, १³ + १२³ आणि ९³ + १०³. बाराच्या पायातील १००१ या रूपात पहिली मांडणी थेट दिसते.

विभाज्यतेच्या कसोट्या
पायाला त्याहून एकने लहान संख्येने भागल्यास बाकी १ उरते. पायाच्या सर्व घातांचेही तसेच. म्हणून दशमान पद्धतीतील ९ ची अंकबेरजेची कसोटी आठच्या पायात ७ ची होते. ३३०१ ची अंकबेरीज ७, म्हणून १७२९ ला ७ ने भाग जातो. पायाहून एकने मोठ्या संख्येसाठी अंक आळीपाळीने अधिक-उणे करतात. १००१ मध्ये उत्तर ० येते, म्हणून १३ नेही भाग जातो.

सम-विषमता
पाया सम असेल तर शेवटचा अंक पुरतो. विषम असेल तर अंकांची बेरीज पाहावी लागते. पाचच्या पायात १७२९ म्हणजे २३४०४. शेवटचा अंक सम आहे, पण अंकबेरीज १३. म्हणून संख्या विषम.

पायावर अवलंबून असलेले गुणधर्म
देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांनी अंकबेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना हर्षद संख्या म्हटले. १७२९ ची दशमान अंकबेरीज १९, सोळाच्या पायातही १९ आणि आठच्या पायात ७. या तिन्ही पायांत ती हर्षद आहे. बाराच्या पायात अंकबेरीज २ असल्याने ती हर्षद नाही. मात्र १००१ उलटसुलट सारखीच वाचली जाते. कापरेकरांचा ६१७४ हा प्रसिद्ध स्थिरांकही दशमान लेखनाशीच बांधलेला आहे.

उपयोग आणि मर्यादा
संगणकातील विद्युत मंडले दोन अवस्थांवर चालतात, म्हणून तेथे द्विमान पद्धती सोयीची. तिचे लेखन लांबते: १७२९ ला अकरा अंक लागतात. चार-चार अंकांचे गट पाडले की ०११०, ११००, ०००१ म्हणजेच ६, सी, १ मिळतात. प्रोग्रामर सोळाचा पाया वापरतात तो यासाठी. मोठ्या पायात लेखन आटोपते, पण चिन्हे व पाढे वाढतात. अवयव सांगताना पायाचा उल्लेख लागत नाही. अंकांवर आधारलेला गुणधर्म मात्र पाया सांगितल्याशिवाय अपुरा राहतो.