केसांचे रोपण आणि धीराचे एक वर्ष

टक्कल हा आपल्याकडे थट्टेचा विषय समजला जातो. ज्याचे केस ऐन पंचविशीत विरळ होतात त्याला मात्र या थट्टेत हसू येत नाही. स्थळ पाहावयास जाताना तो टोपी घालतो आणि सामुदायिक छायाचित्रात मागच्या रांगेत उभा राहतो. आमचा कामगार-चळवळीत वावर असल्यामुळे पगारवाढीच्या आणि रजेच्या प्रश्नांबरोबर असले प्रश्नही कानी येतात. अलीकडे तरुण मुले कर्ज काढून किंवा हप्त्याने पैसे भरून डोक्यावर केस लावून घेतात आणि दोन महिन्यांनी फसगत झाली म्हणून हताश होतात. पुष्कळदा फसगत झालेली नसते. पुढे काय घडणार हे त्यांस कोणी नीट सांगितलेले नसते, एवढेच. ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम टक्कल का पडते ते पाहू. पुरुषांच्या नेहमीच्या टकलाचे कारण तेल, साबण किंवा पाणी हे नव्हे. आईबापांकडून आलेला वारसा आणि पुरुषी संप्रेरक यांचा तो परिणाम होय. या संप्रेरकाच्या प्रभावाने कपाळावरची व टाळूवरची केसांची मुळे हळूहळू खुरटतात, केस बारीक व आखूड होत जातात आणि शेवटी दिसेनासे होतात. डोक्याच्या मागच्या व कानांवरच्या पट्ट्यातील मुळांवर मात्र हा प्रभाव फारसा चालत नाही. म्हणूनच पुरते टक्कल पडलेल्या गृहस्थालाही मागे केसांची झालर उरते.

या झालरीवरच सारी शस्त्रक्रिया उभी आहे. जपानमधील शोजी ओकुदा यांनी १९३९ साली भाजलेल्या किंवा व्रण पडलेल्या जागी केसांसह त्वचेचे लहान तुकडे लावून दाखविले. पुढे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५२ साली टकलावर हा प्रयोग केला आणि १९५९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मागचा केस पुढे लावला तरी तो आपला मूळ स्वभाव सोडीत नाही, पुढच्या जागेतही वाढत राहतो, असे त्यांस आढळले. त्या काळी सुमारे ४ मिलिमीटर रुंदीचे तुकडे लावीत. त्यामुळे केस बाहुलीच्या डोक्यासारखे झुपक्याझुपक्यांनी दिसत. आता एक ते चार केसांचा नैसर्गिक पुंज सुटा करून लावतात. डॉक्टर त्याला ग्राफ्ट म्हणतात. आपण कलम म्हणू. ही कलमे काढण्याच्या दोन रीती आहेत. एकीत मागच्या त्वचेची पट्टी कापून टाके घालतात, तिची रेघ कायम राहते. दुसरीत एकेक पुंज बारीक छिद्र पाडून काढतात, तिचे ठिपक्यांसारखे व्रण राहतात. अजिबात व्रण राहत नाही, असे सांगणारा माणूस खरे सांगत नसतो.

आता शस्त्रक्रियेनंतरचे दिवस. भूल उतरल्यावर डोके ठणकते, पण दिलेल्या गोळ्यांनी दुखणे बहुधा आवरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळावर सूज येते व कधी ती डोळ्यांपर्यंत उतरते. आरशात पाहून माणूस घाबरतो. परंतु ही सूज थोड्या दिवसांत ओसरते. उशा उंच घेऊन झोपल्यास तिचा त्रास कमी होतो. पहिले काही दिवस कलमे फार नाजूक असतात. नख लागले, मोटारीच्या दारावर डोके आपटले, तर ती निखळू शकतात. साधारण दहा दिवसांत ती धरतात. खपल्या आठवड्या-दोन आठवड्यांत पडतात. त्या खरवडून काढावयाच्या नसतात. डॉक्टर सांगतील तसे हलक्या हाताने धुऊन त्या मऊ होऊ द्यावयाच्या. खाज सुटते, त्वचा काही आठवडे, कधी काही महिने, बधिर वाटते.

कष्टकऱ्याने येथे आपल्या कामाचा विचार करावा. कार्यालयात बसणारा मनुष्य काही दिवसांत कामावर जाऊ शकेल. पण ज्याला ओझे उचलावयाचे आहे, भट्टीपुढे घाम गाळावयाचा आहे, उन्हात उभे राहावयाचे आहे किंवा डोक्यावर घट्ट शिरस्त्राण घालावयाचे आहे, त्याला अधिक दिवस लागतात. शिरस्त्राण कधीपासून चालेल हे डॉक्टरांस आधीच विचारून घ्यावे आणि तेवढी रजा शिल्लक ठेवावी. शिरस्त्राणाविना यंत्रापाशी उभे राहणे हा त्यावरचा तोडगा नव्हे. केसांपेक्षा डोके मोलाचे आहे.

यानंतर खरी परीक्षा येते. दुसऱ्या आठवड्यापासून पुढच्या महिन्याभरात लावलेले बहुतेक केस गळून पडतात. कधी शेजारचे मूळचे केसही तात्पुरते गळतात. येथेच माणूस खचतो. भाताची लावणी पाहिलेल्याला हे समजणे अवघड नाही. वाफ्यातले रोप उपटून दुसऱ्या खाचरात लावले की प्रथम ते मान टाकते, पिवळे पडते; मुळे धरली की मग हिरवे होते. तसेच येथे वरचा केस गळतो, पण त्वचेखालचे मूळ जिवंत राहून विश्रांती घेते. केसाचा विश्रांतीचा काळच सुमारे तीन महिन्यांचा असतो आणि केस वाढतो तो महिन्याला जेमतेम १ सेंटिमीटर. म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक लव फुटते, सहाव्या महिन्यात फरक दिसू लागतो आणि पुरता निकाल लागावयास वर्ष जाते. टाळूच्या भोवऱ्याला दीड वर्षही लागते. या काळात मधूनमधून पुटकुळ्याही येतात.

हा हिशेब लक्षात आला म्हणजे दोन महिन्यांनंतरच्या लग्नासाठी आज शस्त्रक्रिया करून घेणे किती उलटे आहे, ते कळेल. मुहूर्ताच्या दिवशी नवरदेवाचे डोके पूर्वीपेक्षाही विरळ दिसावयाचे!

आता अपेक्षांविषयी. या शस्त्रक्रियेत नवा केस एकही निर्माण होत नाही. मागचा केस पुढे जातो, इतकेच. मागची शिल्लक मर्यादित असते आणि ती एकदा खर्चली की परत भरून येत नाही. निसर्गतः डोक्याच्या चौरस सेंटिमीटरमध्ये साधारण ६५ ते ८५ पुंज असतात. रोपणात बहुधा ३० ते ४० लावतात. तेवढ्यानेही डोके झाकल्यासारखे दिसते, पण सोळाव्या वर्षीचे केस परत येत नाहीत. शिवाय उरलेले मूळचे केस गळण्याचे थांबत नाहीत. पंचविशीच्या आतच कपाळाची रेषा खाली ओढून घेतली, तर पुढे मागचे केस मागे सरतात आणि पुढची लावलेली पट्टी बेटासारखी एकटी उरते. गळती रोखण्यासाठी मिनॉक्सिडिल व फिनास्टेराइड ही औषधे आहेत. ती चालू ठेवावी लागतात, आणि दुसऱ्या औषधाचे काहींच्या कामेच्छेवर दुष्परिणाम होतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

वाटाघाटीला बसताना आम्ही सोबत्यांस सांगतो की, सही करण्यापूर्वी कलम न् कलम वाचावे. येथेही तेच. शस्त्रक्रिया कोण करणार, त्याचे शिक्षण काय, किती कलमे लावणार, भुलेच्या वेळी काही बिघडले तर सोय काय, हे विचारावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्पष्ट बजावले आहे की, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहिले म्हणजे हे काम करण्याचे शिक्षण झाले असे होत नाही. अशा शस्त्रक्रियेनंतर आपल्या देशात माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून ताप, पू, वाढत जाणारे दुखणे, काळी पडणारी त्वचा यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. श्वास लागला तर क्षणभरही थांबू नये.

टकलाची लाज बाळगण्याचे कारण नाही, तसेच कोणाला केस हवेसे वाटले तर त्याला हसण्याचेही कारण नाही. ज्याला करावयाचे असेल त्याने खुशाल करावे. मात्र पोटाला चिमटा घेऊन कर्ज काढू नये, आणि एक वर्ष धीर धरण्याची तयारी असेल तरच त्या खुर्चीत बसावे. आणि आपल्या घरातला, शेजारचा कोणी मुलगा शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या महिन्यात टोपी घालून हिरमुसलेला दिसला, तर त्याची चेष्टा न करता त्याला एवढेच सांगावे : अरे, अजून लावणी झाली आहे, कापणीला अवकाश आहे.