सांजवेळी कोंबड्या खुराड्यात आणणे

महाड व पोलादपूर तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून शाळेत येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या घरी चार-दोन गावठी कोंबड्या असतात, आणि सायंकाळी त्या आत घेण्याचे काम बहुधा मुलांकडेच सोपविलेले असते. जूनअखेर सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे पाच वाजता शाळा सुटली तरी मुलाला पुरेसा अवकाश मिळतो. नोव्हेंबरअखेर तो सहाच्या सुमारास मावळतो. दप्तर ठेवून भाकरीचा तुकडा खाईपर्यंत उन्हे डोंगराआड गेलेली असतात. मोजताना एक कोंबडी कमी भरते आणि मूल काठी घेऊन वईपलीकडच्या करवंदीच्या जाळीत तिच्यामागे धावू लागते. फुरसे, घोणस बाहेर पडण्याची वेळ ती हीच. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत बिबट्याचेही भय असते. कोंबडी हरवली तर घरचे नुकसान होते हे खरे. परंतु तिच्यासाठी अनवाणी पायांनी काळोखात शिरणारे मूल ही त्याहून मोठी चिंतेची बाब होय. म्हणून या साध्या घरकामाचा विचार शिक्षकांनी करणे अगत्याचे आहे.

गुरे मागून हाकता येतात. कोंबडी पुढून बोलवावी लागते. मागे लागल्यावर कोंबड्या एकत्र न राहता चहूकडे फाकतात, आणि दोन-तीन दिवस असे घडले म्हणजे माणूस, काठी व खुराडे या तिन्हींची त्यांना धास्ती बसते. मग मूल अंगणात आले तरी त्या दूर पळतात आणि घरचे लोक कोंबडीलाच हट्टी ठरवितात.

याचे मूळ कोंबडीच्या स्वभावात आहे. पाळीव कोंबडी मुख्यत्वे तांबड्या रानकोंबड्यापासून उत्पन्न झाली. वरंध व आंबेनळी घाटांच्या रानात आढळणारा राखी रानकोंबडाही तिचा दूरचा आप्त आहे. पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग त्याच्याकडून आला असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. हे रानपक्षी दिवसा जमिनीवर चरतात व रात्री झाडावर बसतात. घरच्या कोंबडीतही ती ओढ टिकून आहे. अंधूक प्रकाशात तिला फारसे दिसत नाही, म्हणून दिवस मावळू लागताच ती ठरलेल्या, उंचशा जागेचा शोध घेते. ती जागा खुराड्यात मिळाली तर ती आपण होऊन आत जाते. न मिळाली तर परसातील शेवगा किंवा फणस आहेच. खुराड्यात जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर पकडण्याजोगी लाकडी दांडी बसविली, तर निम्मे काम होते.

उरलेले निम्मे काम दाण्याने करावयाचे. सकाळी थोडेच दाणे टाकून कोंबड्या सोडाव्यात व मुख्य खाणे सायंकाळी, सूर्यास्तापूर्वी अर्धा-पाऊण तास, खुराड्याच्या आत द्यावे. कण्या, नाचणी, वरी, घरात असेल ते चालते. दाणे नेहमी एकाच भांड्यातून द्यावेत आणि देण्यापूर्वी एकच ठराविक आवाज करावा. कोणी सूप थोपटतात, कोणी डब्यात दाणे खुळखुळवितात, कोणाची तोंडाची हाक असते. आवाज कोणताही चालेल, मात्र तो रोज बदलता कामा नये. पाव्हलॉव्ह यांचे कुत्र्यांवरील प्रयोग अध्यापन विद्यालयात सर्वांनी अभ्यासलेले आहेत. परीक्षेनंतर त्यांचा उपयोग करण्याची संधी अशी क्वचितच येते. साधारण आठवडाभरात कोंबड्या आवाजाला धावून येऊ लागतात. त्यानंतरही दाणे देणे बंद करू नये. रिकामा डबा चार दिवस वाजविला की पाचव्या दिवशी कोंबडी मान वर करून पाहते आणि पुन्हा उकिरडा उकरू लागते.

बाजारातून आणलेली नवी कोंबडी आठ-दहा दिवस आतच ठेवून तेथेच दाणापाणी द्यावे, म्हणजे हे आपले घर असे तिच्या अंगवळणी पडते. दरडीच्या इशाऱ्यामुळे काही दिवस वस्ती हलविण्याचा प्रसंग २०२१ च्या पावसाळ्यानंतर या तालुक्यांना अपरिचित राहिलेला नाही. तेव्हा डालग्यातून नेलेल्या कोंबड्यांनाही हाच नियम लावावा.

पूर्वी आत जाणारी कोंबडी एकाएकी बाहेर राहू लागली, तर तिला दोष देण्यापूर्वी खुराडे तपासावे. लाकडाच्या फटींत दिवसा लपून रात्री रक्त पिणारे बारीक तांबडे किडे झाले असतील, तर कोणता पक्षी आत झोपेल? खुराडे उन्हात रिकामे करून, फटी खरवडून चुना द्यावा. दुसरे कारण बलिष्ठ कोंबड्यांचा जाच हे असते. कळपात कोणी कोणाला टोचावे याचा क्रम ठरलेला असतो, हे नॉर्वेचे शेल्डेरूप-एबे यांनी १९२२ साली मांडले. सर्वांत खालच्या तलंगेला दांडीवर जागा मिळत नाही. दांडी लांब केली, दाणे दोन ठिकाणी टाकले, की ती येते. झाडावर बसलेल्या कोंबडीला दगड मारू नये. काळोख झाल्यावर ती सुस्त होते. तेव्हा मोठ्या माणसाने विजेरीच्या उजेडात तिला हळूच उचलून दांडीवर ठेवावी. आणि दिवसाच नाहीशी होणारी कोंबडी बहुधा कोठे तरी आडोशाला अंड्यांवर बसलेली असते.

एक सूचना मुलांना वर्गात स्पष्ट शब्दांत द्यावी. दगडामातीच्या खुराड्यात न पाहता हात घालू नये. साप व विंचू तेथे आसरा घेतात. महाड येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केलेले व २०२२ साली पद्मश्रीने गौरविलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध गुणकारी असल्याचे दाखविले, आणि पूर्वी जीवघेणा ठरणारा हा दंश पुष्कळ अंशी आटोक्यात आला. परंतु औषध वेळेवर पोटात जावयास हवे. म्हणून दंश झाल्यास मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता मुलाला थेट दवाखान्यात न्यावे.

परिसर अभ्यासासाठी हा विषय फार सोयीचा आहे. मुलांनी आपापल्या घरची शेवटची कोंबडी किती वाजता आत गेली हे महिनाभर लिहून आणावे व शेजारी सूर्यास्ताची वेळ मांडावी. ढगाळ दिवशी कोंबड्या लवकर परततात की नाही, हे त्यांना आकड्यांवरूनच पाहू द्यावे. उत्तर आधी सांगू नये.

कोंबड्या नियमाने आत येऊ लागल्या म्हणजे मानमोडीची, अर्थात राणीखेत रोगाची, लस टोचणेही सुकर होते. मोकळ्या कोंबड्या पकडण्यात वेळ गेला, तर बर्फावर आणलेली लस निकामी होण्याची भीती असते. पशुवैद्यकीय कर्मचारी वाडीवर येणार असतील त्या दिवशी सकाळी खुराड्याचे दार उघडूच नये, असे मुलांकरवी आदल्या सायंकाळी घरोघर कळवावे.