आदेशाची वाट

सकाळी विकत घेतलेले शेअर त्याच दिवशी, पुष्कळदा काही मिनिटांतच, विकून टाकावयाचे, हा एका दिवसाच्या व्यवहाराचा गाभा होय. कोणता शेअर घ्यावा आणि केव्हा विकावा, एवढ्यावरच या व्यवहाराचे यश अवलंबून असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु दर शेअरमागे एक-दोन सेंटांचाच लाभ पदरात पडावयाचा असेल, तर आदेश कोणत्या वाटेने बाजारात जातो या प्रश्नाला तितकेच महत्त्व येते. या वाटा अनेक का झाल्या, हे अमेरिकेतील शेअरबाजाराच्या इतिहासावरून चांगले समजते.

न्यूयॉर्कच्या जुन्या शेअरबाजारात व्यवहार एका सभागृहात होत असत. १९७१ साली सुरू झालेल्या नॅसडॅक बाजाराला असे सभागृहच नव्हते. तेथील व्यापारी आपले खरेदीचे व विक्रीचे भाव पडद्यावर दाखवीत आणि सौदे बहुधा दूरध्वनीवर ठरत. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी बाजार कोसळला, तेव्हा अनेक व्यापाऱ्यांनी दूरध्वनी उचललेच नाहीत आणि लहान गुंतवणूकदार अडकून पडले. लहान आदेश यंत्राद्वारे आपोआप पुरे करण्याची एक व्यवस्था १९८४ पासून अस्तित्वात होती. १९८८ मध्ये तीत सहभागी होणे व्यापाऱ्यांवर बंधनकारक करण्यात आले. चपळ सटोडियांनी या व्यवस्थेचा वेगळाच उपयोग केला. एखाद्या व्यापाऱ्याने भाव बदलण्यास क्षणभर विलंब केला, की ते त्याच्या जुन्या भावाने शेअर उचलीत.

दुसरा बदल १९९७ मध्ये झाला. नॅसडॅकचे व्यापारी अनेक शेअरांचे भाव सांगताना विषम अष्टमांश जवळजवळ टाळतात आणि त्यामुळे खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतर मोठे राहते, असे विल्यम ख्रिस्टी व पॉल शुल्ट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवून दिले होते. नव्या नियमांनी ग्राहकाने स्वतः ठरविलेला भाव चांगला असल्यास तो सर्वांना दिसेल अशी तरतूद केली. त्यामुळे इन्स्टिनेट, आयलंड, आर्किपेलागो अशा इलेक्ट्रॉनिक जाळ्यांना मोठे महत्त्व प्राप्त झाले. या जाळ्यांत ग्राहकांचे आदेश मधल्या व्यापाऱ्याशिवाय परस्परांशी जुळविले जात. २००१ मध्ये अपूर्णांक जाऊन भाव सेंटांत सांगितले जाऊ लागले आणि भावांतील अंतर आणखी घटले.

येथे आदेशांचे दोन प्रकार ध्यानात घेतले पाहिजेत. पडद्यावर आधीच असलेला भाव स्वीकारणारा आदेश तत्काळ पुरा होतो. त्याबद्दल पुष्कळ बाजार शुल्क घेतात. आपला भाव मांडून वाट पाहणारा आदेश बाजारात माल उपलब्ध करून देतो. तो पुरा झाल्यास पुष्कळ बाजार उलट काही परतावा देतात. असे शुल्क दर शेअरमागे ०.००३ डॉलरहून अधिक नसावे, अशी मर्यादा २००५ च्या नियमांनी घातली. ती आणखी खाली आणण्याचा निर्णय २०२४ साली घेण्यात आला.

आता एक हिशेब पाहू. एका व्यक्तीने १,००० शेअर २० डॉलरने घेतले आणि २० डॉलर १ सेंटने विकले. लाभ झाला १० डॉलर. दोन्ही वेळा तत्काळ भाव स्वीकारून दर शेअरमागे ०.००३ डॉलर शुल्क दिले, तर ६ डॉलर तेथेच गेले. उरलेल्या ४ डॉलरांतून दलाली द्यावयाची. याउलट विक्रीचा आदेश मांडून ठेवला आणि त्यावर ०.००२ डॉलर परतावा मिळाला, तर खर्च केवळ १ डॉलर होतो.

मग नेहमी वाटच का पाहू नये? कारण एकाच भावाचे आदेश बहुधा आगमनाच्या क्रमाने पुरे होतात, आणि आपला क्रम येईपर्यंत भाव तीन सेंटांनी घसरला, तर २ डॉलरांच्या परताव्यापायी ३० डॉलर गमावावे लागतात. म्हणून भाव वेगाने प्रतिकूल होत असता शुल्क देऊन, जेथे माल खरोखर उपलब्ध आहे अशा वाटेने बाहेर पडणे शहाणपणाचे. भाव स्थिर असता आदेश मांडून ठेवणे किफायतशीर. आदेश फार मोठा असेल, तर तो पडद्यावर उघड न करणारे मार्गही असतात. मात्र तेथे समोरचा पक्ष मिळेलच, याची हमी नसते.

या निवडीचे काम आता बहुधा संगणकच करतात. भारतातही निरनिराळ्या शेअरबाजारांतील भाव पाहून आदेश योग्य ठिकाणी पाठविणाऱ्या यंत्रणेला सेबीने ऑगस्ट २०१० मध्ये अनुमती दिली. तथापि वाट चांगली मिळाली म्हणजे निर्णय चांगला ठरतो असे नव्हे. २०२२-२३ या वर्षात एका दिवसाचे व्यवहार करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाला, असे सेबीच्या २०२४ मधील पाहणीत आढळले. योग्य वाट खर्च वाचविते. चुकीच्या सौद्याला ती नफ्याचे रूप देऊ शकत नाही.